छपराचा खर्च: मावळातला एक जुना हिशोब

ईद होऊन नऊ दिवस झाले होते. ३ जून २०२० ची दुपार. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि घाट चढून मावळात आलं. मळवली स्टेशनच्या पलीकडे आमच्या अम्मीचं जुनं कौलारू घर आहे. वाऱ्याने पश्चिमेकडच्या पाख्याची आधी कडेची कौलं उचलली, मग मधली. पडवीचे पत्रे तर अख्खेच्या अख्खे शेजारच्या भातखाचरात जाऊन पडले. कोणाला लागलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या. रात्री अम्मी वर बघून म्हणाली, “बेटा, इथून आभाळ दिसतंय. आता याला घर म्हणायचं का?”

लॉकडाऊनचे दिवस होते. मजूर गावी गेलेले, दुकानं अर्धवट उघडी, पत्र्याला मागणी एवढी की नंबर लावावा लागे. आठवड्याने मिस्त्री आले, घराभोवती एक चक्कर मारली आणि वहीच्या कागदावर एकच ओळ लिहून दिली: ‘छप्पर, १,३८,०००’. वर म्हणाले, “सर, सगळं काढून नवीन पत्रा टाकू. एकदा केलं की पुन्हा बघायला नको.”

त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मावळात असं एक तरी छप्पर होऊन गेलं का, जे एकदा केलं आणि पुन्हा बघावं लागलं नाही? शाळा बंद होती, वेळ होता. मी घराचा खर्च समजून घ्यायला बसलो आणि हळूहळू इतिहासात शिरलो. तोच हिशोब इथे मांडतो आहे.

सुरुवात घराच्या दारातूनच करता येते. मळवली स्टेशनवर उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. दोन्हीकडच्या लेण्यांना दोन हजार वर्षं होऊन गेली. भाज्याचं चैत्यगृह त्यातलं जुनं. तिथले खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. डोंगर कोरून केलेल्या खांबांना कलायची काही गरज नव्हती. पण त्या काळची खरी घरं आणि सभागृहं लाकडाची असत, छपराचा भार आणि रेटा झेलण्यासाठी त्यांचे खांब कललेले ठेवत. कारागिरांनी तीच सवय दगडात उतरवली. कार्ल्याचं चैत्यगृह त्याहून मोठं, सुमारे ४५ मीटर लांब. त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी वासे बसवलेले आहेत आणि त्यातले बरेचसे आजही जागेवर आहेत. ते सागाचे आहेत. वर अख्खा डोंगर आहे, वाशांवर कसलाच भार नाही. तरीही ते बसवले, कारण वाशांशिवाय छत ही कल्पनाच त्या माणसांना करता येत नव्हती.

मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते तिथल्या लेखांत आहे. हे काम वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केलं, असं एक लेख सांगतो. पण खर्च एकट्या श्रेष्ठीचा नव्हता. खांबाखांबावर वेगवेगळ्या दात्यांची नावं आहेत. त्यातले कितीतरी धेनुकाकट नावाच्या गावचे, काही तर स्वतःला यवन म्हणवणारे. दरवाजाच्या कामाच्या लेखात धेनुकाकटच्या एका सुताराचंही नाव आहे. म्हणजे आपल्या भागातल्या सगळ्यात टिकाऊ छपराचा खर्च खांबाखांबाने वाटून घेतलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सागावरून आठवलं. मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीच्या छपराची हकिकत बुखारी शरीफमध्ये आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मशिदीच्या भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या खोडांचे आणि छप्पर खजुराच्या झावळ्यांचं होतं. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला, छप्पर गळलं आणि प्रेषितांनी (स.) चिखलपाण्यातच सजदा केला. सकाळी त्यांच्या कपाळावर मातीची खूण होती. हजरत उमर (रजि.) यांनी पुढे मशीद वाढवली, पण सामान तेच ठेवलं. बांधणाऱ्याला त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: लोकांचा पावसापासून बचाव कर, आणि लाल-पिवळ्या रंगरंगोटीच्या नादी लागू नकोस. नंतर हजरत उस्मान (रजि.) यांनी दगडी खांब उभे केले आणि छप्पर ‘साज’चं केलं. साज म्हणजे साग. अरबांकडे हे लाकूड हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जात असे.

या हकिकतीत छपराच्या खर्चाचा सगळा प्रश्न आहे. स्वस्त छप्पर गळतं. टिकाऊ छपराला दुरून सामान आणावं लागतं. आणि खर्च करताना पहिला प्रश्न असा की, पाऊस थांबतो का? शोभा नंतर.

आता आपल्या गावात या. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात मातीचं सपाट धाबं चालतं, इथे ते एका पावसात खाली येईल. म्हणून मावळातलं छप्पर उतरतं. मधे आढं, दोन बाजूंना पाखी, आणि पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून पुढे आलेली वळचण. साध्या शेतकऱ्याच्या घराला कारवीचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत, पेंढा किंवा पळसाची पानं. ज्यांना जमे त्यांच्या घरावर कुंभाराची साधी कौलं.

हे छप्पर फुकट होतं असं आपण सहज म्हणतो. ते खरं नाही. गवत रानातून आणायचं, वासे रानातून आणायचे, पण दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारायचं. कुजलेलं गवत काढायचं, नवं चढवायचं, बांध बदलायचे. कौलारू घर असेल तर सगळी कौलं उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून पुन्हा रचायची. हे एका घराच्या हाताने होत नसे. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे अशी सावड असे. सुताराला शेतीच्या अवजारांचं बलुतं मिळे, घराचं काम निराळं, पण तेही बहुधा धान्यात भागे. खर्च होताच, फक्त तो रुपयांत नव्हता. तो घामात होता, दरवर्षी होता आणि वाटलेला होता.

शिवाय गवताच्या छपराची एक छुपी किंमत होती, ती म्हणजे आग. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका ही ताकीद जशी आहे, तशीच आगीची ताकीद आहे. कोणी चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागून सगळं जाईल. एवढ्या मोठ्या राजाला उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करावा लागत होता, कारण पावसाळ्याच्या तोंडावर जळालेलं छप्पर पुन्हा घालता येत नाही.

हा जुना हिशोब मोडला तो १८६० च्या दशकात आणि त्यानंतर.

त्याच सुमारास दिल्लीत मिर्झा गालिब भाड्याच्या घरात राहत होते. उर्दूच्या वर्गात मी मुलांना त्यांची पत्रं वाचून दाखवतो. एका पत्रात ते आपल्या छताची चाळणी झाल्याचं सांगतात. पाऊस जितका वेळ पडतो त्याच्या दुप्पट वेळ छत गळत राहतं, असा त्यांचा हिशोब आहे. पुढचा मुद्दा तर दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाचा आहे: मालकाने दुरुस्ती करायची म्हटली तरी पाऊस उघडल्याशिवाय कशी करणार, आणि दुरुस्ती चालू असताना मी बसायचं कुठे? मुलं हसतात. २०२० च्या जूनमध्ये मला हसू आलं नाही. कारण छपराच्या खर्चात वेळ आणि तात्पुरता निवारा हेही येतं, आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं.

इकडे १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली होती आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना त्याआधीच फ्रान्समध्ये निघाली होती, मंगळूरला नदीकाठची चांगली माती मिळाली. हीच आपली मंगलोरी कौलं. ती समुद्रमार्गे मुंबईला येत आणि तिथून रेल्वेने वर. आमच्या अंगणात पडलेल्या कौलांत एकाच्या पाठीवर मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा निघाला. शेजारचा मुलगा म्हणाला, “सर, दीडशे वर्षांचं कौल!” तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा, कौल भाजल्याचा नव्हे. पण तो हातात धरून मला एक गोष्ट उमगली. हे कौल आमच्या गावच्या मातीचं नव्हतं. त्यासाठी कोणीतरी रोख पैसे मोजले होते.

मंगलोरी कौल खरोखर चांगलं होतं. साधी कौलं वारा आणि माकडं हलवतात, ती दरवर्षी परतावी लागतात. मंगलोरी कौल खाचेत बसतं, कमी लागतं, फुटेल तेवढंच बदलता येतं. वर्षाची मेहनत कमी झाली, पण सुरुवातीचा खर्च रोखीत आला. त्यातच १८७८ चा वन कायदा आला. जंगलं राखीव झाली आणि पूर्वी रानातून आणायचा वासा परवानगीचा आणि पैशाचा झाला. कौलाला दाम, वाशाला दाम. सावडीने होणारं छप्पर आता बाजारातून येऊ लागलं.

त्यानंतर पत्रा. पन्हळी पत्र्याचं पहिलं पेटंट लंडनमध्ये १८२९ चं, जस्ताचा मुलामा देण्याची रीत त्यानंतरची. पत्रा हलका, लवकर बसणारा, आग न धरणारा. पुढे विसाव्या शतकात सिमेंटचे पत्रे आले, त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. स्वस्त म्हणून ते शाळा, गोदामं, चाळी सगळीकडे चढले. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक मानते. धोका मुख्यतः पत्रा कापताना, भोकं पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. म्हणून जुना सिमेंटचा पत्रा काढायचा असेल तर तो फोडू नका. पाणी मारून ओला करा, अख्खा उतरवा, कोरडा झाडू मारू नका. इथेही किंमत होतीच. ती फक्त दुकानदाराच्या पावतीवर नव्हती, छातीत साठत होती.

हा इतिहास डोक्यात ठेवून मी मिस्त्रींच्या एका ओळीकडे परत आलो आणि त्यांना म्हणालो, “चाचा, ही ओळ जरा फोडून सांगा.” त्यांनी आनंदाने सांगितली. पत्रे ३८,०००, लोखंडी सांगाडा ५६,०००, मजुरी ३०,०००, वाहतूक, कोने आणि किरकोळ १४,०००. म्हणजे ज्याला आपण ‘छप्पर’ म्हणतो ते वरचं कातडं एकूण खर्चाच्या पावभरापेक्षा थोडंसंच जास्त. सगळ्यात मोठा आकडा हाडांचा, सांगाड्याचा. पहिला प्रश्न म्हणून कौल की पत्रा हा नाही. पहिला प्रश्न असा: जुनी हाडं चांगली आहेत का?

दुसरा हिशोब क्षेत्रफळाचा. आमचं घर २० बाय २५ फूट, म्हणजे जमिनीवर ५०० चौरस फूट. पण चारही बाजूंनी २ फूट वळचण धरली की २४ बाय २९, म्हणजे ६९६. त्यात उतार. ३० अंशांच्या उताराला हे क्षेत्र साधारण १.१५ पट होतं, म्हणजे ८०० चौरस फूट. घर ५०० चं, छप्पर ८०० चं. अंदाजपत्रक जमिनीच्या मापावर धरलेलं असेल तर काम अर्ध्यावर आल्यावर पैसे वाढतात, आणि आपल्याला वाटतं मिस्त्रीने फसवलं. बऱ्याचदा फसवलेलं नसतं, माप चुकलेलं असतं.

तिसरा हिशोब वजनाचा. १०० चौरस फुटांना साधारण १५० मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे आमच्या घराला १,२०० आणि फुटतूट निराळी. एक कौल अडीच किलो धरलं तर डोक्यावर ३ टन, पावसात पाणी पिऊन आणखी. तेवढ्याच छपराचा पत्रा साधारण ४०० किलोंत होतो. म्हणून पत्र्याला सांगाडा हलका चालतो. पण तोच हलकेपणा वादळात उलटतो. वारा छपराला दाबत नाही, उचलतो, आणि सगळ्यात जोराने कडेला, कोपऱ्याला आणि आढ्याजवळ उचलतो. आमच्या पडवीचे पत्रे खाचरात गेले ते कडेचे हूक गंजलेले होते म्हणून. पत्रा घालणाराने कडेच्या स्क्रूंवर पैसे वाचवू नयेत. ती बचत पहिल्या वादळात पत्र्यासकट जाते.

चौथा हिशोब पाण्याचा. वर्षाला ४ मीटर पाऊस धरला तर आमच्या छपरावर दरसाल सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे २६ टँकर. आढ्याचं पाणी वळचणीला येणारच. ते तिथून पुढे कुठे जातं, हे पाहिलं नाही तर छप्पर धड असूनही भिंतीचा पाया खचतो. पन्हळ आणि गटार हा छपराचाच खर्च आहे.

आम्ही काय केलं? सुताराकडून सगळी लाकडं ठोकून पाहिली. आढं आणि तुळया सागाच्या, शाबूत. पश्चिमेचे काही वासे आणि रीपा वाळवीने खाल्लेल्या. तेवढ्या बदलल्या: २२,०००. कोणीतरी जुनं घर पाडलं होतं, तिथली ५०० कौलं १८ रुपयांना एक अशी मिळाली: ९,०००. मजुरी २४,०००. पडवीला पुन्हा पत्रा, पण या वेळी नीट स्क्रूने: ६,०००. एकूण ६१,०००. हा सगळ्यांसाठी नियम नव्हे. सांगाडाच वाळवीने पोकळ झाला असता तर मिस्त्रींचा मार्ग बरोबर ठरला असता. दोघांपैकी काहीही निवडा, पण ओळ फोडून मगच निवडा.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येतो. वादळानंतर राज्य सरकारने मदतीची रक्कम वाढवली. पूर्ण नष्ट झालेल्या घराला ९५,१०० रुपये मिळत, ते दीड लाख केले. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,००० मिळत, ते १५,००० केले. वाढ स्वागतार्हच होती. पंचनाम्यात आमचं घर ‘अंशतः’ मध्ये गेलं, कारण भिंती उभ्या होत्या. नियमाने ते बरोबरही होतं. पण ‘अंशतः’ या शब्दापाशी मी थांबलो. कागदावर घर म्हणजे भिंती, आणि छप्पर त्याचा एक भाग. मावळात जून महिन्यात छप्पर गेलेल्या घरात पीठ राहत नाही, पुस्तकं राहत नाहीत, म्हातारं माणूस राहू शकत नाही. चार दिवसांच्या पावसाने मातीची भिंतही बसते. इथे छप्पर हा घराचा भाग नाही, तेच घर आहे. कार्ल्याच्या कारागिरांना हे कळत होतं. गरज नसलेल्या जागीही त्यांनी वासे लावले.

आणि इथे तो खांबाखांबाचा मुद्दा परत येतो. जुन्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. गवताचं छप्पर जळत होतं, गळत होतं, सावडीत सगळ्यांना सारखा मान मिळत होता असंही नाही. पण त्या काळी छपराचा खर्च दरवर्षी थोडा आणि सगळ्यांनी मिळून, असा होता. आज तो पंधरा-वीस वर्षांतून एकदा, एकदम आणि एकट्या घरावर येतो. ‘पुन्हा बघायला नको’ या आशेवर आपण मधली सगळी वर्षं वर बघत नाही. मग एके दिवशी आभाळ दिसतं.

आमच्या घरी आता एक रीत केली आहे. दर महिन्याला ३०० रुपये वेगळे. मे महिन्यात मिस्त्री दोन दिवस येतात, कौलं बघतात, पडवीचे स्क्रू आवळतात, पन्हळीतला पाला काढतात. तेवढ्यात ते पैसे पुरतात. आमच्या मोहल्ल्यात मी एवढंच सुचवलं की मशिदीच्या रंगाचा विचार करण्याआधी एखाद्या विधवा बाईच्या, एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरावर मे महिन्यात एक फेरी मारू. घर कोणत्या जमातीचं हे विचारायचं नाही. पाऊस विचारत नाही. पहिल्या वर्षी चार पोरं आली, त्यातली दोन शेजारच्या आळीतली. तीन घरं झाली.

हजरत उमरांनी (रजि.) बांधणाऱ्याला जे सांगितलं होतं, त्याचा अर्थ मला त्या मे महिन्यात शिडी धरून उभा असताना कळला. अम्मी खाली बसून फुटकी कौलं वेगळी काढत होती. तिने वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, “कोपऱ्यातलं नीट बसलं ना?” बसलं होतं.